पाणी पाजलेली पिन

दसरा उलटून थोडे दिवस गेले, की आमच्या शिरूर-चौफुला रस्त्यावर उसाचे ट्रॅक्टर दिसू लागतात. दिसायच्या आधी ऐकू येतात, कारण प्रत्येकाच्या मडगार्डवर स्पीकर बसवलेला असतो आणि ड्रायव्हरला आपली आवड साऱ्या शिवाराला ऐकवायची असते. मागोमाग दोन ट्रॉल्या, एकीच्या मागं दुसरी, दोन्हींत ऊस इतका उंच रचलेला की वरच्या विजेच्या तारांचीच काळजी वाटावी. लोकांना हा हंगाम आवडतो. सकाळच्या हवेत गारवा असतो, जनावरांना चाऱ्याला उसाचे वाढे मिळतात, गावाबाहेर ऊसतोडकऱ्यांच्या पाचटाच्या कोप्या पडतात, दुकानं चालतात. मला मात्र पहिल्या ट्रॅक्टरचं गाणं कानावर आलं की हातातलं काम तिथंच राहतं. यंदाही राहिलं. मी भाकऱ्या करत होते. तव्यावरची भाकरी करपून धूर झाला तरी मला पत्ता नव्हता.

माझी मुलगी ऋतुजा याच रस्त्यानं स्कूटीवरून रांजणगावच्या कंपनीत जाते. या दिवसांत ती निघाली की मी ओट्यावरून उठून फाटकापर्यंत जाते.

"ट्रॅक्टरच्या मागं चालायचं न्हाई. एक तर लांब थांब, न्हाईतर सरळ पुढं निघून जा."

"आई, रोज तेच काय सांगती? सगळा रस्ताच ट्रॅक्टरचा हाय. मी काय वरून उडत जाऊ?"

असं म्हणून ती हेल्मेटमधून हसते आणि निघून जाते. तिला सगळं माहीत आहे. पण माहीत असणं निराळं आणि भिणं निराळं. भिण्याचं खातं आमच्या घरात माझ्याकडं आहे आणि ते मी इमानेइतबारे सांभाळते.

ही भीती एका पिनेची आहे. ट्रॅक्टर आणि ट्रॉली यांना जोडणारी पोलादाची पिन असते, वीतभर लांब, अंगठ्याहून जाड, वर मुठीसारखं डोकं. ट्रॅक्टरच्या हुकात आणि ट्रॉलीच्या दांडीत ती वरून घालायची, खालून चाप लावायचा, झालं. तशीच दुसरी पिन पहिल्या आणि दुसऱ्या ट्रॉलीच्या मध्ये. एवढा मोठा पसारा त्या दोन पिनांवर चालतो. सोबत आधाराला साखळी असावी असं म्हणतात, पण ती एकदा तुटली की परत बसवायचं कुणाच्या मनात येत नाही. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणालाच त्या पिना दिसत नाहीत. मला मात्र तेवढ्याच दिसतात.

ऋतुजा शाळेत होती तेव्हाच्या एका हंगामात मी रांजणगावच्या एका हीट ट्रीटमेंटच्या शॉपमध्ये कामाला होते. शिरूरला आयटीआय केलं होतं, त्याचा उपयोग झाला. माझा धाकटा दीर सोपान तिथंच भट्टीवर होता, त्याच्याच ओळखीनं लागले. गाड्यांचे गिअर, शाफ्ट, बोल्ट असलं सगळं तिथं यायचं. भट्टीचं दार वर उचललं की आत भरलेली जाळी नारिंगी दिसायची आणि दहा हातांवर उभं राहिलं तरी चेहरा तापायचा. तीच जाळी तेलाच्या टाकीत उतरली की एकदम भडका आणि धूर. त्या तेलाचा वास केसांत बसायचा. सासूबाई म्हणायच्या, "सून कंपनीत जाती का भजी तळाया जाती, कळत न्हाई." माझं टेबल खिडकीजवळ होतं. बाहेर आलेला माल मी कडकपणा मोजायच्या मशीनखाली धरायची. वरून हिऱ्याचं बारीक टोक दाबलं जायचं आणि काटा फिरून थांबायचा. पोलाद किती कडक झालं, ते तो काटा सांगायचा.

गावात याला लोखंडाला पाणी पाजणं म्हणतात. विळा, कुऱ्हाड, पहार लाल करून पाण्यात बुडवली की धार टिकते, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. पुढचं काम थोड्यांनाच माहीत असतं. लाल पोलाद एकदम गार केलं की ते कडक तर होतं, पण त्याच्या आत सगळा ताण कोंडून राहतो. असं पोलाद झिजत नाही, वाकत नाही, आणि एखाद्या हिसक्याला पापडासारखं मोडतं. कधी कधी तर नुसतं मांडणीवर पडल्या पडल्या त्याला चीर जाते. म्हणून ते पुन्हा मंद आचेवर तापवायचं असतं. त्याला टेंपरिंग म्हणतात. त्यात कडकपणा थोडा उतरतो, पण त्याबदल्यात ओढ आणि हिसका सोसायची ताकद येते. आमच्या शॉपमध्ये त्यासाठी दुसरी भट्टी होती. ती लाल होत नाही, तिच्यातून जाळ निघत नाही, बघायला काहीच नसतं. पाहुणे आले की मोठ्या भट्टीजवळ फोटो काढायचे, हिच्याकडं कुणी बघायचं नाही.

आमच्या ट्रॉल्यांच्या पिना दर हंगामात झिजायच्या. मधोमध खाचा पडायच्या आणि पिन कंबरेत बारीक व्हायची. मालक, म्हणजे माझे यजमान, स्वतःच ट्रॅक्टर चालवायचे. त्यांनी सोपानला सांगितलं, "एवढी मोठी भट्टी हाताखाली हाय, आन् भावाच्या पिना झिजत्यात व्हय? जरा कडक करून आण." सोपाननं चांगल्या पोलादाच्या दोन पिना लेथवर करून घेतल्या आणि सुपरवायझरला विचारून एका बॅचमध्ये टाकल्या.

ती बॅच खंडेनवमीच्या आदल्या पाळीची होती. खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, कंपनीत हत्यारांची आणि मशिनांची पूजा असते. पिना मोठ्या भट्टीतून निघाल्या, तेलात बुडाल्या, गार झाल्या. तोवर सगळं बंद करायची वेळ झाली होती. टेंपरिंगची भट्टी विझवून, पुसून, तिला झेंडूची माळ घातली होती. कंपनीचा माल सुट्टीनंतरच्या पहिल्या पाळीला लागेल म्हणून बाजूला ठेवला. सोपाननंही पिना तिथंच ठेवायला हव्या होत्या. पण घरी पूजा होती, भावाला नवी वस्तू दाखवायची हौस होती. तो पिना पिशवीत घालून घेऊन आला. "पूजेला ठेवू, आन् सुट्टी झाली की नेतो माघारी. टेंपरिंग राहिलंय अजून," असं त्यानं दारातच सांगितलं. मी ऐकलं, मालकांनी ऐकलं, सासूबाईंनीही ऐकलं.

आमचं मूळचं मेंढरांचं घर. आता शेती आहे, बंगला आहे, पण खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, मेंढरं कातरायची जुनी कात्री यांच्यासमोर सासूबाई अशा बसतात की परीक्षेला बसल्यासारखं वाटतं. त्यांनी पिनांना हळद-कुंकू लावलं, आपट्याची पानं वाहिली, नारळ फोडला. दसऱ्यानंतर सोपान पिना मागायला आला, तेव्हा त्यांनी हात आडवा धरला.

"पुजलेलं लोखंड परत जाळात घालायचं न्हाई."

"आये, अर्धंच काम झालंय त्याचं."

"पाणी पाजलं का न्हाई?"

"पाजलं."

"मग अर्धं कसलं? मामंजींच्या वक्ताला लोहार एकदाच पाणी पाजायचा. तुझ्या कंपनीतच दोनदा लागतंय का?"

सोपान माझ्याकडं बघायला लागला. मी सासूबाईंना सांगितलं की आत्या, हे काचेसारखं झालंय, हिसका बसला तर मोडंल. त्यावर मालकांनी लोखंड घासायची कानस आणली आणि पिनेच्या डोक्यावर जोरानं ओढली. कानस सर्रकन घसरली. पिनेवर ओरखडा नाही, लोखंडाचा कण नाही. मालकांचा चेहरा असा उजळला, की त्यांच्याशी वाद घालायची माझी हिंमतच अर्धी झाली.

"कानस लागंना हिला, आन् तू म्हंती मोडंल," ते म्हणाले. जो पुरावा मी माझ्या बाजूनं दिला असता, तोच त्यांनी त्यांच्या बाजूनं दिला. कडक म्हणजे मजबूत, हे आमच्याकडं माणसांबद्दलही खरं मानतात. दुसऱ्याच दिवशी साखर कारखान्याची ऊसतोड टोळी आली, जुन्या पिना भंगारात गेल्या आणि नव्या ट्रॉल्यांना लागल्या.

तेव्हापासून मी भ्यायला लागले ते आजपर्यंत.

त्या हंगामाचं मला सलग काही आठवत नाही. आवाज आठवतात. शाळेपुढच्या गतिरोधकावर आमचा ट्रॅक्टर चढायचा, तेव्हा आधी इंजिनाचा सूर खाली जायचा, मग पहिल्या ट्रॉलीचा दणका, मग दुसरीचा, आणि दोन दणक्यांच्या मध्ये पिनेवर बसणारा हिसका. टण्ण. मऊ पोलाद ठक्क वाजतं. हे टण्ण होतं, देवळातल्या घंटेसारखं स्वच्छ. आमचं घर शाळेच्या जवळ, त्यामुळं सुट्टीच्या दिवशी तो आवाज ऐकू आल्यावाचून राहायचा नाही. मी हातातलं काम थांबवून दुसरा दणका बसेपर्यंत श्वास धरून असायची. तो बसला की भांडी पुढं घासायला घ्यायची.

कंपनीच्या बसमध्ये मी खिडकीकडं बसायची, म्हणजे समोरून आमचा ट्रॅक्टर आला तर दिसावा. भीमेच्या पुलाकडं रस्ता उतरतो. त्या उतारावर भरलेली ट्रॉली सुटली तर ती कुठं जाईल, हे मी मनात इतक्या वेळा पाहिलं की ते घडून गेल्यासारखंच वाटायचं. पुढून शाळेच्या सायकली येत असायच्या. उसावर तोडकऱ्यांची बायकामाणसं बसलेली असायची, पोरं मांडीत. परत येताना ट्रॉल्या मोकळ्या असायच्या, तेव्हा मालक गावातल्या पोरांना वर घ्यायचे. त्यात आमची ऋतुजा असायची. दप्तर पाठीला, दोन्ही हात फळीला, केस सगळे तोंडावर. मला बघून ती हात हलवायची आणि मी बसमध्ये डोळे मिटून घ्यायची. तिला वाटायचं, आई दमलीय.

मी गप्प बसले नाही. जेवताना बोलले, झोपताना बोलले, पाहुण्यांसमोर बोलले. मालक रागावत नसत, तीच अडचण होती. ते हसायचे. "हिच्या शॉपात नुस्ता मोडलेला माल बघत्यात, म्हणून हिला असं वाटतंया," असं मित्रांना सांगायचे. पिना झिजत नव्हत्या. पौष आला, माघ आला, त्यांवर खाच नाही. शेजारचे येऊन हात लावून बघायचे आणि सोपानला म्हणायचे, आम्हालाबी करून दे. सोपान पार कावराबावरा व्हायचा. "वहिनी, काय करू सांगा," तो मला बाजूला घेऊन म्हणायचा, "दादाला सांगितलं तर हसतोय, आन् आये तर बोलूच देत न्हाई." त्यानं शेजाऱ्यांना एकही पिन करून दिली नाही, एवढं मात्र खरं.

एकदा कारखाना दोन दिवस बंद पडला आणि ट्रॅक्टर दारात उभा राहिला. मालक बाजारला गेलेले. मी पुढची पिन उपसून काढली, पॉलिश पेपरनं घासून पांढरी केली आणि मागच्या चुलीवर जाड तवा ठेवून त्यावर आडवी ठेवली. पोलाद तापत जातं तसा त्याच्यावर रंग चढतो. आधी वाळल्या गवतासारखा पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, मग निळा. निळा आला की माझं काम होणार होतं. मी चिमट्यानं पिन फिरवत बसले होते. पिवळा रंग डोक्याकडून सरकायला लागला होता, इतक्यात मागं सासूबाई उभ्या राहिल्या.

"देवाचं लोखंड चुलीत घालती व्हय?"

"आत्या, थोडंच राहिलंय. पाया पडते, थांबा जरा."

त्यांनी काही ऐकलं नाही. सांडशीनं पिन उचलली आणि शेजारच्या हौदात टाकली. चर्र झालं. पिवळ्याच्या पुढं जाऊ न शकलेली पिन संध्याकाळी परत हुकात बसली. दुसऱ्या पिनेनं तर तेवढाही जाळ पाहिला नाही.

हंगाम संपला. पिन मोडली नाही. चैत्रात ट्रॉल्या दारात उभ्या राहिल्या तेव्हा माझं वजन इतकं उतरलं होतं की आईनं विचारलं, सासरी काही त्रास आहे का. काय सांगणार होते? काही घडलंच नव्हतं. न घडलेल्या गोष्टीची तक्रार कुणाकडं करता येत नाही. उन्हाळ्यात मालकांनी मागची ट्रॉली दौंडच्या एका दलालामार्फत विकून नवी घ्यायचं ठरवलं. विकताना ट्रॉलीच्या दांडीत तिची पिन तशीच होती. मी तेव्हा माहेरी होते.

पुन्हा खंडेनवमी आली. सासूबाई न्हाणीपुढच्या दगडावर हत्यारं चिंचेनं घासायला बसल्या होत्या. कोयता झाला, कात्री झाली. मग त्यांनी ट्रॅक्टरची ती पुढची पिन घेतली. हात चिंचेनं बुळबुळीत झालेले. पिन सुटली आणि दगडावर पडली. कंबरेएवढ्या उंचीवरून देखील नाही, बसलेल्या म्हातारीच्या हातातून. आवाज तोच आला, टण्ण, आणि पिनेचे दोन तुकडे झाले. एक घरंगळत माझ्या पायाशी आला. मोडलेल्या जागी करडे बारीक दाणे दिसत होते, आणि एका बाजूला काळा पट्टा. म्हणजे चीर आधीपासून होती. हंगामात केव्हातरी पडलेली.

सासूबाईंनी दोन्ही तुकडे उचलले, पदरानं पुसले आणि एकमेकांना लावून बघितले. नीट जुळत होते. बराच वेळ त्या तशाच जुळवून धरून बसल्या. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या, "हिच्यावर पोरं बसली व्हती गं."

मालक गोठ्यातून आले. त्यांना कुणी काही सांगितलं नाही. त्यांनी तुकडे बघितले आणि ओट्यावर टेकले. मग विचारलं, "दुसरी कुठं हाय?"

दुसरी दौंडच्या बाजूला गेली होती. मालक आणि सोपान त्याच दिवशी मोटरसायकलवर निघाले, सण सोडून. दलाल भेटला. त्यानं ट्रॉली एकाला दिली होती, त्यानं रंग देऊन पुढं दुसऱ्याला दिली होती, तो नदीपलीकडचा कुणीतरी होता आणि त्याचा फोन लागत नव्हता. पुढं कितीतरी दिवस ते जात राहिले. ट्रॉल्या सगळ्या सारख्याच दिसतात, आणि पिना तर त्याहून सारख्या. त्या पिनेवर खूण नाही, रंग नाही. ती वरून बघून कुणालाही ओळखू येणार नाही, मलाही नाही. ओळखायचा उपाय एकच, कानस.

तेव्हापासून माझ्या पर्समध्ये कानस असते. हंगामात सुट्टीच्या दिवशी मी आणि मालक रस्त्यावरच्या चहाच्या टपरीपाशी जाऊन थांबतो, जिथं ट्रॅक्टर रांगेनं उभे राहतात. मी ड्रायव्हरला विचारते, "भाऊ, पिनेला जरा कानस लावून बघू का?" पहिल्या वर्षी लोकांना वाटलं मी कारखान्याची किंवा आरटीओची बाई आहे. आता ओळखतात. "आल्या कानसवाल्या वहिनी," म्हणतात आणि चहा पुढं करतात. काही चिडतात, काही मागून हसतात. मालक मला कधी हसत नाहीत. त्यांच्या पिशवीत सोपाननं नीट टेंपरिंग केलेल्या दोन पिना असतात, लागल्या तर द्यायला. सासूबाई आता थकल्या आहेत, पण निघताना विचारतात, "कानस घेतली का?"

कानस पिनेच्या डोक्यावर ओढली की खर्र होतं आणि बोटाला लोखंडाचा चुरा लागतो. तो चुरा बघितला की मला बरं वाटतं. ही नव्हे. मग पुढची. दरवर्षी वाटतं, ती कधीच मोडून गेली असेल, कुठल्यातरी रिकाम्या रानात, कुणाला काही न होता. कधी वाटतं, गंजून भंगारात वितळली असेल. असं वाटून घ्यायला कुणाची आडकाठी नाही. पण सकाळी ऋतुजाची स्कूटी वळणावर दिसेनाशी होते, तेव्हा हे काहीच वाटत नाही.

गेल्या रविवारी आम्ही टपरीपाशी होतो. दुपार टळत आली होती, रांग सावकाश पुढं सरकत होती. एक नवखा ड्रायव्हर होता, नदीपलीकडचा. पुढच्या पिनेला कानस लागली, चुरा पडला. मी मागं गेले, दोन ट्रॉल्यांच्या मध्ये वाकले. मागच्या ट्रॉलीवर, वाढ्यांच्या भाऱ्याला टेकून एक तोडकरी बाई लेकराला पाजत बसली होती. तिनं वरून विचारलं, "काय बघताय, ताई?" मी म्हणाले, काही नाही. कानस टेकवली आणि ओढली.

ती सर्रकन घसरली.

मी बोट फिरवलं. चुरा नव्हता. पुन्हा ओढली, सगळं वजन टाकून. पुन्हा घसरली. माझ्या मागं मालक उभे होते, त्यांनी पिशवी खाली ठेवलेली मी ऐकली. मी ट्रॉलीच्या बाजूनं बाहेर डोकावले, तसा पुढून ड्रायव्हर मान वळवून हसला.

"झालं का वहिनी? ती पिन लई कडक हाय. जुन्या ट्रॉलीबरोबर आलीय, झिजतच न्हाई. निघू का?"

त्याचा पाय क्लचवर होता. रांग पुढं सरकली होती.

"भाऊ, इंजिन बंद करा," मी म्हणाले. "आन् आधी त्या ताईला खाली उतरवा."